कपाटात अण्णांसाठी केलेली जागा

आमच्या बेडरूममध्ये एल आकाराचं कपाट आहे. ते करून घेताना सुताराने मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून समजावलं होतं की एका भिंतीला सरळ कपाट लावायचे दिवस गेले. दोन बाजूंना लागून, काटकोनात वळणारं कपाट केलं की जागा दुप्पट होते. "आणि हा कोपरा आहे ना मॅडम, हा तुम्हाला बोनस," तो म्हणाला. कपाट झालं, सनमायका चिकटला, सुतार गेला, आणि मग बोनस म्हणजे काय ते आम्हाला कळलं. दोन्ही कपाटं जिथे भेटतात तिथे आत एक चौकोनी अंधार तयार झाला होता. त्याला स्वतःचं दार नव्हतं. शेवटच्या दारातून खांदा आत घालायचा, मान वाकडी करायची आणि हात डावीकडे वळवून चाचपत राहायचं, एवढीच तिकडे जायची वाट. तिकडे गेलेली वस्तू आम्ही गेलीच असं धरायचो. जुनी इस्त्री, आकाशकंदिलाचा सांगाडा आणि लग्नात आलेली एक मोठी चादर तिकडे गेली आणि त्यांच्यावाचून आमचं काहीही अडलं नाही.

माझा नवरा नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंतल्या चुका काढतो. हे काम त्याला इतकं मानवलं आहे की घरी आल्यावरही तो थांबत नाही. मी डबे कुठल्या क्रमाने लावते, चपलांची तोंडं कुठल्या दिशेला असतात, यावर त्याचं बारीक लक्ष. त्या कोपऱ्याचा मात्र त्याला खरा त्रास व्हायचा. "घरात एवढी डेड स्पेस घेऊन आपण झोपतो," असं तो अधूनमधून म्हणायचा. मी कॉलेजात भूगोल शिकवते. अर्ध्या जिल्ह्यात काही पिकत नाही म्हणून मी झोप उडवून घेत नाही, तर एका कोपऱ्याचं काय, असं मला वाटायचं. पण मी ते बोलत नसे.

मग अण्णा राहायला आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते कोल्हारला एकटेच राहतात. आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम केलेलं, त्यामुळे माणूस असो की वस्तू, समोर आली की ते आधी तिला नजरेनेच तोलतात आणि काही बोलायचं की नाही ते मग ठरवतात. नगरच्या हॉस्पिटलात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चालता येईपर्यंत आमच्याकडे राहायचं ठरलं. ते एक काळी रेक्झिनची बॅग घेऊन आले. ती त्यांनी हॉलमधल्या दिवाणाखाली सरकवली आणि दिवाणावर बसून विचारलं, "किती दिवस लागतील म्हनला डाक्टर?"

नवऱ्याच्या मनात त्याच संध्याकाळी अण्णांना कपाटात जागा देण्याचा विचार आला.

"माणूस आपल्या घरी बॅगेतून कपडे काढून घालतोय, बरं दिसतं का ते?" तो मला म्हणाला. "अण्णांना एक पूर्ण सेक्शन द्यायला हवा."

"कुठला? तुझा की माझा?"

"कोपरा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला.

वडिलांसाठी काही करायचं ठरवलं की तो वडिलांना विचारत नाही. मी विचारलं. अण्णा म्हणाले, "मला कशाला कपाट? बॅग हाय की." हे मी त्याला सांगितलं. तेव्हा तो मोबाईलवर परदेशातल्या कपाटांचे व्हिडिओ बघत होता. तिकडच्या कोपऱ्यांमधून ट्रे आपणहून बाहेर येतात, आणि प्रत्येक ट्रेवर चार एकसारखे पांढरे टॉवेल घडी करून ठेवलेले असतात. आमच्या घरात चार एकसारखे टॉवेल कधीच नव्हते. मी तेही सांगितलं. तो म्हणाला, "कन्सेप्ट बघ, टॉवेल नको बघू."

पुढचे काही रविवार आमच्या बेडरूममध्ये कारखाना चालला. त्याने कोपऱ्यातल्या फळ्या काढल्या. खालून वरपर्यंत एक लोखंडी पाईप उभा केला, त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग बसवलं. हे सगळं त्याच्या कारखान्याच्या भंगारातून, साहेबांना विचारून आणलेलं होतं. पाईपवर प्लायवूडच्या गोल तबकड्या बसवल्या आणि सगळ्यात वर हँगर अडकवायला सळईचे हात. आपण दारात उभं राहून तबकडीला बोट लावायचं; पाईप फिरणार, कपडे समोर येणार, हवा तो उचलायचा. याला त्याने नाव ठेवलं होतं, फिरता कोपरा. आमचं दोघांचं मिळून एकच मूल, आता परदेशात शिकणारी मुलगी, पण तिचं नाव ठेवताना त्याने एवढा विचार केला नव्हता.

ते फिरायचं मात्र छान. समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं बघायला आलं, वरच्या मजल्यावरचे निवृत्त अधिकारी आले. प्रत्येकाने एकदा बोट लावून बघितलं. नवरा बाजूला उभा राहून तेलाच्या थेंबाबद्दल बोलत होता.

शेवटी अण्णांना हात धरून आत आणलं. अण्णांनी काठी टेकून ते सगळं फिरताना पाहिलं.

"रहाटपाळना हाय व्हय रं हा?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, हे तुमच्यासाठी केलंय. तुम्हाला वाकायला नको, शोधायला नको. बोट लावलं की कपडे समोर."

"माझं कपडं माझ्यासमोरच हायेत," अण्णा म्हणाले. "दिवानाखाली." आणि ते काठी टेकत हॉलमध्ये गेले.

एखाद्याने सांगितलेली गोष्ट अशी कानामागे टाकणं म्हणजे एक कौशल्यच. माझ्या नवऱ्याने ते वडिलांकडूनच घेतलं असावं, कारण दोघांचंही त्यात चांगलं चालतं. फिरता कोपरा रिकामाच राहिला. रिकामी तबकडी फिरताना बघणं त्याला सहन होईना. म्हणून त्याने स्वतःचे सगळे कपडे तिथे हलवले. शर्ट, पँट, सगळं. मग माझ्या चांगल्या साड्या मागितल्या. मी दिल्या, कारण दर संध्याकाळी त्याच विषयावर बोलायचा मला कंटाळा आला होता. त्यात माझी पैठणी होती. आईने माझ्या लग्नात दिलेली, हिरवी.

नणंदेच्या मुलीचं लग्न जामखेडला होतं. नणंद नवऱ्यापेक्षा लहान, आणि हा तिचा एकुलता एक भाऊ, म्हणजे नवरीचा मामा. लग्नात मामाला काय मान असतो ते सांगायला नको. नणंदेने महिनाभर आधीपासून फोन करून बजावलं होतं की दादा, वेळेवर ये, मंडपात मुलीला तूच आणायचं आहेस. मुहूर्त दुपारचा होता. नगरहून जामखेड म्हणजे सकाळी लवकर निघायला हवं. त्याचा नवा कुर्ता आणि जॅकेट, माझी पैठणी, सगळं इस्त्री करून फिरत्या कोपऱ्यात टांगून ठेवलं होतं.

सकाळी आंघोळ करून त्याने दार उघडलं आणि तबकडीला बोट लावलं. ती थोडी फिरली आणि अडली.

"थोडा लोड आलाय," तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात लावून ढकललं.

आतून फाटल्यासारखा आवाज आला. मग लोखंड कुठेतरी घासल्याचा. मी मोबाईलचा उजेड आत धरला. माझ्या पैठणीचा पदर हँगरवरून सुटून खाली गेला होता आणि खालच्या बेअरिंगपाशी पाईपभोवती गुंडाळला गेला होता. त्याच्या जोराने वरचा सळईचा हात वाकला होता आणि दाराच्या चौकटीत जाऊन पाचरीसारखा बसला होता. सगळे कपडे त्याच्या पलीकडे, अंधारात. त्याच्या जॅकेटची एक बाही तेवढी दिसत होती. तिथपर्यंत माझी दोन बोटं पोहोचत होती.

"उलटं फिरवून बघ," मी म्हणाले.

"ते एकाच दिशेने फिरतं."

"का?"

"सेफ्टीसाठी."

अण्णांना ऐकू जाणार असेल तर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. त्या सकाळी अण्णा हॉलमध्ये बसलेले असताना मी त्याला इतक्या मोठ्याने 'अरे' म्हणाले की हॉलमधला टीव्ही बंद झाला.

त्याने पाने आणले, पक्कड आणली, कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला फोन लावून त्याचा सल्ला घेतला. तो खांदा आत घालून जमिनीवर आडवा झाला होता आणि तिथून मला सांगत होता की डिझाईनमध्ये दोष नाही, लोडिंगमध्ये दोष आहे. लोडिंग मी केलं होतं. पक्कड लावल्यावर हिरव्या रेशमाचा एक तुकडा बाहेर आला; त्याला काळं ग्रीस लागलेलं होतं. मी तो हातात घेतला. तो माझ्याकडे बघून लगेच पुन्हा आत बघायला लागला. नणंदेचा फोन वाजत होता आणि कोणीच घेत नव्हतं.

इतक्यात अण्णा दारात आले. परीटघडीचं पांढरं धोतर, नेहरू शर्ट, टोपी, खांद्यावर जरीकाठी उपरणं. सगळं दिवाणाखालच्या बॅगेतून निघालेलं.

"निगायचं का?" त्यांनी विचारलं. "का फिरवत बसनार हाय अजून?"

घरात नवऱ्याचे कपडे म्हणजे दाराच्या मागे अडकवलेला कारखान्याचा युनिफॉर्म. राखाडी शर्ट, राखाडी पँट, खिशावर कंपनीचं नाव. बाकी एक तर कोपऱ्यात, नाही तर बादलीत भिजत. अण्णा म्हणाले, "माझ्याकडं दुसरं धोतर हाय. देऊ का?" तो म्हणाला की त्याला धोतर नेसता येत नाही. अण्णांनी त्याच्याकडे नेहमीसारखं तोलून बघितलं. मी कॉलेजात नेसायची सुती साडी नेसले आणि आम्ही निघालो. गाडीत तो म्हणाला, "वाटेत एखादं कपड्यांचं दुकान लागलं तर," आणि अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "म्हूर्त दुकानाबाहेर उभा ऱ्हात न्हाई."

आम्ही मंडपात पोहोचलो तेव्हा माईकवरून तिसऱ्यांदा की कितव्यांदा मुलीच्या मामांना बोलावणं चाललं होतं. नणंद दारातच उभी होती. तिने आधी भावाच्या खिशावरचं कंपनीचं नाव वाचलं.

"दादा, ड्यूटीवरून आलास?"

"नाही गं, कपाट अडकलं."

तिला ते कळलं नाही, आणि कळण्यासारखं होतंही कुठे. तिचे डोळे भरून आले. माझ्या सुती साडीकडे बघून तिने तोंड फिरवलं. मला तिला सांगावंसं वाटलं की बाई, माझी पैठणी तुझ्याच भावाच्या पाईपला गुंडाळलेली आहे. पण मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. कुणीतरी मामाच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला. राखाडी युनिफॉर्म आणि वर गुलाबी फेटा. फोटोग्राफरने त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "काका, ते खिशावरचं नाव झाकता येईल का?" अण्णांनी आपलं उपरणं काढून त्याच्या खांद्यावरून नीट आडवं टाकलं, थेट खिशावर. तसाच तो भाचीला घेऊन मंडपात गेला. व्हिडिओत सुरुवातीला तो दिसतो तेव्हा लग्नाच्या सुरक्षेसाठी नेमलेला माणूस वाटतो.

भाचीला मात्र हसू येत होतं. तिने अंतरपाटाच्या अलीकडून मला विचारलं, "मामी, खरंच कपाट अडकलं?" मी मान हलवली. ती आणखी हसली आणि मग अक्षता पडायला लागल्या.

जेवणाच्या वेळी मला वाटलं होतं की हा आता कुठेतरी मागे बसेल. पण मी वाढपाच्या रांगेतून पाहिलं तर तो वराकडच्या चार-पाच पुरुषांमध्ये बसून द्रोण उपडा घालून, त्यात चमचा उभा करून त्यांना बेअरिंग समजावत होता. ते सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मुलाचे काका, जामखेडलाच त्यांचं घराचं काम चालू होतं, त्यांनी त्याचा नंबर घेतला. "आमच्याकडं बी असाच कोपरा निघालाय," ते म्हणाले. "तुमी एकदा येऊन बघा." परतताना गाडीत तो हे मला सांगत होता. त्याच्या आवाजातली सकाळची पडझड पूर्ण गेली होती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला. मी सुट्टी टाकली आणि त्याच जुन्या सुताराला बोलावलं.

आमच्या बेडरूमला लागून एक पॅसेज आहे, हॉलकडून बाथरूमकडे जाणारा. बेडरूम आणि पॅसेजच्या मध्ये बिल्डरने भिंत घातलेलीच नाही. कपाटाची पाठ म्हणजेच भिंत. प्लायवूड, आणि त्यावर पांढरा रंग. रोज शंभर वेळा त्याच्या शेजारून जाताना मला हे माहीत होतं, पण डोक्यात कधी आलं नव्हतं. आदल्या दिवशी मोबाईलचा उजेड आत धरला तेव्हा आलं. तो अंधार आतल्या बाजूने हाताबाहेर होता, पण पॅसेजमधून अगदी हाताशी होता.

"इथून कापा," मी सुताराला म्हणाले.

"मॅडम, पाठ कापायची नसते. लूक जातो."

"आत काय आहे ते बघून या आधी."

तो बेडरूममध्ये गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला आणि त्याने मशीन लावलं. कुठे कापायचं यावर मात्र पुन्हा थांबला. तेवढ्यात अण्णा हॉलमधून आपली खुर्ची सरकवत पॅसेजमध्ये आले होते. खुर्चीवर बसून त्यांनी काठीने प्लायवूडवर एक चौकोन दाखवला.

"हितं कर. मला वाकता येत न्हाई, आन वर हात बी जात न्हाई."

मी म्हणाले, "अण्णा, थोडं वर घेतलं तर आम्हालाही सोपं जाईल."

"तुमाला कपाट हाय की," अण्णा म्हणाले.

अण्णांनी दाखवलं तिथेच कापलं. सुताराने आतला पाईप कापून काढला, फळी बसवली, कापलेल्या तुकड्याचंच दार केलं. पैठणी बाहेर आली. पदर ओढलेला, काळा, काठ एके ठिकाणी सुटलेला. मी ती मांडीवर घेऊन पॅसेजमध्येच खाली बसले. अण्णा खुर्चीवर होते. ते म्हणाले, "तुझ्या आईनं आनली हुती ना? येवल्याला गेल्ती, मला आठवतंय." मी हो म्हणाले. मग ते म्हणाले, "पदर बदलून मिळतो. मी इचारतो कोल्हारात," आणि उठून गेले.

नवरा संध्याकाळी आला आणि पॅसेजमधल्या नव्या दारासमोर उभा राहिला. त्याने ते उघडलं, बंद केलं, बिजागऱ्या बघितल्या, आत डोकं घातलं. त्याचा पाईप बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवला होता. तिकडेही जाऊन आला.

"स्ट्रक्चर वीक होईल याने," तो म्हणाला.

"होऊ दे."

रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला की ॲक्सेस दुसऱ्या बाजूने देणं हा पर्याय त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होता. आठवडा गेला नाही तोच जामखेडच्या काकांचा फोन आला, आणि मी त्याला सांगताना ऐकलं, "नाही नाही, फिरतं नका करू. आम्ही ते करून बघितलं. मी तुम्हाला दुसरी आयडिया देतो." कारखान्याच्या ग्रुपवर त्याने दाराचा फोटोही टाकला. त्याखाली आलेले अंगठे त्याने मला दाखवले. मी चष्मा नाही म्हणून सांगितलं.

त्या दारामागच्या फळीवर अण्णांनी मात्र, कोणी न सांगता, आपली बॅग रिकामी केली. धोतरं, शर्ट, बॅटरी, औषधांचा डबा, दाढीचं सामान. खुर्चीवर बसून हात लांब केला की सगळं मिळायचं. काठीशिवाय चालता यायला लागल्यावरही ते खुर्ची तिथेच ठेवायचे आणि सकाळी बाथरूमला जाणारा प्रत्येकजण तिला अडखळायचा. एकदा मी म्हणाले, "अण्णा, आता राहा इथेच." ते म्हणाले, "पोरी, तुमच्या घरात फिरायला जागा हाय, बसायला न्हाई." पण हे म्हणताना ते चांगले आरामात बसलेले होते.

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी ते जायला निघाले. नवरा त्यांना गाडीने कोल्हारला सोडून आला. परत आल्यावर तो सरळ पॅसेजमध्ये गेला. त्या फळीवर त्याला आपला ड्रिलचा डबा आणि हत्यारं ठेवायची होती; जागेचं मापही घेऊन ठेवलेलं होतं. तिथे कडी होती. कडीला पितळी कुलूप होतं. अण्णांनी ती कडी कधी बसवून घेतली ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. सुतार अण्णा निघायच्या आदल्या दिवशी, मी कॉलेजात असताना येऊन गेला होता, एवढं नंतर समोरच्या फ्लॅटमधून कळलं.

त्याने कोल्हारला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"अण्णा, कपाटाला कुलूप कशाला?"

"माझं सामान हाय त्यात."

"काय सामान? बॅग तर घेऊन गेलात."

"दोन धोतरं हायेत. पुन्हा यायचं म्हनलं तर उचलून कोन आननार?"

"मग किल्ली?"

"किल्ली हाय की माझ्याकडं," अण्णा म्हणाले, आणि मग गुडघ्याचं तेल कुठल्या दुकानातून आणलं होतं ते विचारायला लागले.

नवरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. कडी चार स्क्रूंवर होती, काढायला वेळ लागला नसता. मी त्याला म्हणाले, "हात लावायचा नाही."

"अगं, एवढी जागा दोन धोतरांसाठी?"

"अण्णांसाठीच केलीस ना?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. मग ड्रिलचा डबा उचलून बाल्कनीत, पाईपशेजारी ठेवून आला. डबा अजून तिथेच आहे. परवा अण्णांचा फोन आला की पुढच्या महिन्यात डॉक्टरला दाखवायला येतो, आणि खुर्ची पॅसेजमधून हलवली असेल तर पुन्हा आणून ठेवा.